मनाईच्या रानातल्या तीन फटी

व्हिएन्ना, ९ ऑक्टोबर १९९४

प्रिय क्रेसेंझ आत्या,

जूनमध्ये माझा निकाल लागला हे बाबांनी तुला फोनवर सांगितलंच असेल. दुधाची गाडी चालवणाऱ्या माणसाची मुलगी वनशास्त्राची पदवीधर झाली, हे ते भेटेल त्याला सांगत सुटलेत. आपल्या घरात याआधी कुणी शाळेच्या पुढे गेलं नव्हतं, तेव्हा मी त्यांना अडवत नाही.

आता कामाचं बोलते. सहा ते तेरा फेब्रुवारी मला सुट्टी आहे. मी, मार्लीझ आणि तिमो, आम्ही तिघं वाल्टांझला येणार आहोत. मार्लीझ माझ्याबरोबर शिकली आणि तिमो तिचा भाऊ आहे, म्हणजे तुझ्या मनात जे येईल ते काढून टाक. दोन खोल्या हव्यात. पैसे इतर पाहुण्यांइतकेच देऊ. आम्ही तिघंही आता स्नोबोर्ड वापरतो. बेत असा आहे की सकाळी पहिल्या लिफ्टने माथ्यावर जायचं आणि शेवटची फेरी मनाईच्या रानाच्या कडेकडेने थेट तुझ्या अंगणात उतरायची. वेंडेलिन काका मला लहानपणी त्याच वाटेने स्कीवर आणायचे, आठवतं? ते गेल्यापासून मी एकदाही आले नाही, याची मला लाज वाटते.

खोल्या राखून ठेवशील ना?

तुझी
रोमाना


वाल्टांझ, २० ऑक्टोबर

रोमी,

पदवीबद्दल अभिनंदन. बाबाला म्हणावं, सांगत सुट, पण दूध सांडू नको.

खोल्या नाहीत. त्या आठवड्यात हॉलंडची मंडळी येणार आहेत, सगळं घर त्यांनी घेतलंय. आणि तुझ्या त्या फळ्यांचं काय करू मी? दोन्ही पाय एकाच फळीला बांधून डोंगरावरून घसरायचं, ही अक्कल कुणी शिकवली तुला? विद्यापीठात? इथे ग्रिस्सर फळीवाल्यांना फक्त पलीकडच्या उतारावर सोडतो. लिफ्ट त्याची, नियम त्याचे. आमच्या बाजूला तुम्हांला काही मिळणार नाही. शेजारच्या दरीत मोठमोठी हॉटेलं झालीत, तिथे फळीवाल्यांचे लाड करतात, गाणीबिणी लावतात. तिकडे जा आणि मजा करा.

काकाच्या कबरीवर मी तुझ्या नावाने मेणबत्ती लावली. लाज वाटून घेऊ नकोस.

आत्या


व्हिएन्ना, २ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. रागावू नकोस, पण त्यात काहीतरी बसत नाही.

मी वाल्टांझच्या पर्यटन कचेरीत फोन केला होता. बसच्या वेळा विचारायच्या होत्या. तिथल्या बाई म्हणाल्या, "क्रेसेंझबाईंच्या घरी सांगू का? त्यांनी फेब्रुवारीत अजून एकही खोली दिलेली नाही." मग हॉलंडची मंडळी कुठून आली? आणि फळ्यांचा तो नियम ग्रिस्सरने दोन वर्षांपूर्वीच काढून टाकला, हेही त्यांनीच सांगितलं.

दुसरी गोष्ट. तिमो ऑगस्टमध्ये तुमच्या गावावरून गेला, तेव्हा त्याने माझ्यासाठी एक पोस्टकार्ड घेतलं. नवं आहे, याच उन्हाळ्यात समोरच्या डोंगरावरून काढलेलं. तुझं घर अगदी स्पष्ट दिसतं आणि त्याच्यावर मनाईचं रान. त्या रानात तीन फटी आहेत, आत्या. अरुंद आणि तिरप्या. एक संपते तिथून थोडी खाली दुसरी सुरू होते. मी भिंग लावून पाहिलं.

त्या रानात साडेतीनशे वर्षांत कुणी कुऱ्हाड नेलेली नाही. पोरांनी पडलेली फांदी उचलली तरी घरी मार बसायचा. काका म्हणायचे, ते रान आहे म्हणून वाल्टांझ आहे; रान गेलं तर वरचा सगळा बर्फ एका सकाळी चुलीत येऊन बसेल.

त्या फटी कशाच्या आहेत?

रोमाना


वाल्टांझ, १४ नोव्हेंबर

रोमी,

लोक पोस्टकार्डावर चित्र बघतात आणि मागे चार ओळी लिहितात. तू भिंग लावतेस.

वादळात पडली झाडं. गेल्या वर्षी मार्चमध्ये झालेल्या. झालं समाधान?

हॉलंडची मंडळी मी सांगितली कारण तू येऊ नयेस असं मला वाटतं, आणि ते तोंडावर सांगायला बरं वाटत नव्हतं. आता सांगते. या हिवाळ्यात येऊ नकोस. जूनमध्ये ये, एकटी ये, बुटांनी चालत ये. तुला हवे तेवढे क्न्योडेल करून घालीन.

ते कार्ड तू कुणाला दाखवलंस का? तुझ्या प्राध्यापकांना? खरं सांग. आणि पुढचं पत्र लिहिशील ते जाड पाकिटात घालून पाठव.

आत्या


व्हिएन्ना, २८ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

कार्ड कुणालाही दाखवलेलं नाही. पण मला तू असं का विचारावंस?

वादळात झाडं पडतात ती वेडीवाकडी पडतात, मुळांसकट उपटली जातात. या फटींच्या कडा सरळ आहेत. हे ओळखायला पदवी लागत नाही. खोटं बोलायचं होतं तर काकांच्या भाचीशी तरी जरा नीट बोलायचंस.

इथल्या वाचनालयात तुमच्या तिरोल प्रांताची वर्तमानपत्रं येतात. ऑक्टोबरच्या अंकात ग्रिस्सरची मुलाखत आहे. तो म्हणतो की फळीवाल्या तरुणांसाठी "झाडांमधून जाणारी नवी घसरण" करायचा त्याचा विचार आहे, आणि "काही घरांशी बोलणी चालू आहेत". त्याच्या लिफ्टच्या माथ्यापासून खाली झाडं आहेत ती फक्त मनाईच्या रानातली. आणि रानाच्या पायथ्याशी घर आहे ते तुझं.

मी सरळच विचारते. काका गेल्यावर तू ग्रिस्सरला होकार दिलास का? मला हवंय ते एवढंच: नाही म्हण. मी त्यावर विश्वास ठेवीन.

रोमाना


व्हिएन्ना, ३ जानेवारी १९९५

आत्या,

पाच आठवडे झाले. नाताळालाही तुझं कार्ड आलं नाही. बाबा फोन करतात तर तू म्हणतेस पाव भट्टीत आहे आणि ठेवून देतेस.

आम्ही सहा फेब्रुवारीला येत आहोत. खोल्या ग्रिस्सरच्या हॉटेलात घेतल्या आहेत. त्याच्याकडे राहून तरी खरं कळेल.

रोमाना


वाल्टांझ, ११ जानेवारी

रोमी,

पलीकडच्या उतारावर जा, वर जा, खाली जा, हवं तितकं घसर. रानात शिरू नकोस. कृपा करून. मी कृपा करून असं लिहिलंय, हे नीट बघ.

कारण पत्रात लिहिता येत नाही.

आत्या


व्हिएन्ना, १५ फेब्रुवारी

आत्या,

परवा घरी पोचले. हे पत्र लिहायला दोन दिवस लागले, कारण आधी दुसरं एक लिहायचं होतं.

ग्रिस्सर आमच्याशी फार गोड वागला. पहिल्याच संध्याकाळी त्याने टेबलावर श्नॅप्सचे पेले आणून ठेवले आणि विचारलं, "तू क्रेसेंझची भाची ना? मग तिच्याकडे का नाही उतरलीस?" मी पेला बाजूला सरकवला. तो हसला आणि म्हणाला, "तुझी आत्या हल्ली कुणालाच घरात घेत नाही. विचार तिला, वर रानात काय करते ती." हे ऐकून मला काय वाटलं असेल? मला वाटलं, तुमचं संगनमत आहे आणि हा माझी गंमत बघतोय.

गुरुवारी सकाळी आम्ही तिघं लिफ्टच्या माथ्यावरून वळलो आणि रानात शिरलो. शिरू नकोस असं तू लिहिलं होतंस, म्हणूनच शिरलो. तिन्ही फटी आम्ही वरून खालपर्यंत उतरलो, दोनदा. मी फोटो काढले. करवतीने कापलेले बुंधे कमरेइतके उंच ठेवलेत आणि कापलेली झाडं तिथेच आडवी टाकून दिलीत. इतकं चांगलं लाकूड वाया घालवायचं, म्हणजे फक्त वाट मोकळी करायची होती, दुसरं काय?

आणि मग खालच्या फटीच्या तोंडाशी तू. हातात फावडं. तुझे शब्द मला पाठ झालेत.

"निघा! निघा इथून! फळ्या काढा आधी पायाच्या!"

मार्लीझ बिचारी म्हणाली, "बाई, आम्ही रोमानाबरोबर..."

"मला दिसतंय कुणाबरोबर! शिकून आलीये ना मोठी! खाली बघ, गाढवे, खाली!"

मी खाली पाहिलं. खाली बर्फ होता. तू रडत होतीस, आत्या, आणि मला वाटलं की माणूस पकडला गेला की असंच रडतो.

फोटो आणि एक निवेदन मी जिल्ह्याच्या वनकार्यालयाला पाठवलं आहे. संरक्षित रानात वृक्षतोड, घसरणीसाठी. खाली माझं नाव आणि पदवी लिहिली आहे. तुला हे दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहिते. काका असते तर त्यांनीही हेच केलं असतं.

रोमाना


[शिक्का: खालच्या गावचा] २४ फेब्रुवारी

रोमी,

हे पत्र टाकायला मी बसने खालच्या गावात आलेय. वाल्टांझच्या पोस्टात ग्रिस्सरची मेहुणी बसते आणि पातळ पाकिटं खिडकीच्या उजेडात धरून बघते. मी स्वतः पाहिलंय तिला. म्हणून मी तुला पाच आठवडे काही लिहिलं नाही. जाड पाकीट घे म्हटलं, तर तुला त्यातही वास आला. त्याचवेळी खाली येऊन लिहायला हवं होतं, पण तूही कुणाला सांगशील अशी भीती वाटली. भीती खरी ठरली म्हणायची.

काका असता तर त्याने हेच केलं असतं, असं लिहिलंस. ऐक मग, काकाने काय केलं असतं.

मनाईचं रान म्हातारं झालंय. साडेतीनशे वर्षं कुऱ्हाड नाही म्हणजे साडेतीनशे वर्षं उजेडही नाही. वर छत असं गच्च की खाली एक रोप जगत नाही. सगळी झाडं एका वयाची, एकदमच म्हातारी झाली, आणि आता कीड लागून एकदमच मरतील. त्या दिवशी वरचा बर्फ अडवायला कुणी नसेल. वेंडेलिनने हे तीन वर्षं रानसभेत सांगितलं. रानाचा राखणदार होता तो, चाळीस वर्षं. म्हणाला, तीन-चार फटी पाडू, तिरप्या, अरुंद, सकाळचं ऊन आत येईल एवढ्याच, आणि त्यात नवी रोपं लावू. पंधरा घरांपैकी दोन हात वर आले, एक आमचाच. बाकीचे म्हणाले, वाडवडिलांनी कुऱ्हाड नको म्हटलंय. ग्रिस्सरने सगळ्यांत मोठ्याने म्हटलं. त्याला माहीत आहे, रान आपसूक मेलं की मग त्याच्या घसरणीला वाट मोकळीच आहे.

मरायच्या आधी वेंडेलिन म्हणाला, "क्रेसी, करवत तुला चालवता येते. माझ्याहून चांगली."

येते. गेल्या वर्षी मेमध्ये, गाव माथ्यावरच्या कुरणांची कुंपणं बांधायला जातं ते आठ दिवस, मी एकटी रानात होते. किडलेलीच झाडं पाडली. बुंधे उंच ठेवले आणि खोडं आडवी टाकली ती बर्फ धरून ठेवायला, लाकूड वाया घालवायला नव्हे. तुला हे शिकवलं नाही? मग दोनशे चौदा रोपं लावली. लार्च आणि स्प्रूस, गुडघ्याएवढी. कुणाला दिसू नयेत म्हणून पाहुणे घेणं बंद केलं. पाहुणा म्हटला की रानात फिरायला जातोच.

रोपं बर्फाखाली असतात, रोमी. वरून चार बोटं बर्फ. फळीची कड सुरीसारखी असते. तुम्ही गेल्यावर मी अंधार पडेपर्यंत हाताने बर्फ बाजूला करत होते. एकसष्ट रोपांचे शेंडे कापलेत.

मी तुला खाली बघ म्हटलं होतं.

वनकार्यालयाची माणसं आली आणि मोजमाप करून गेली. आता रानसभा बसेल, मार्चच्या शेवटच्या रविवारी. परवानगीशिवाय मनाईच्या रानात करवत नेली तर घराचा रानहक्क, म्हणजे गावच्या बाकीच्या रानावरचा हक्क, काढून घेतात. मग ना जळण, ना घर दुरुस्त करायला लाकूड, ना गाईला कुरण. आपलं घर चारशे वर्षं त्या हक्कावर उभं आहे. हे सगळं मला करवत हातात घेतानाही माहीत होतं, तेव्हा त्याचं खापर तुझ्यावर फोडत नाही. शेंड्यांचं मात्र फोडते.

आत्या


व्हिएन्ना, ४ मार्च

आत्या,

तुझं पत्र आल्यावर मी फोटो टेबलावर मांडले आणि कोनमापक घेतला. तिन्ही फटी उताराला आडव्या, तिरप्या आहेत. आणि घसरण नेहमी सरळ खाली जाते. आम्ही उतरताना दर वेळी कडेला थांबून फळी वळवत होतो, आणि तरी मला कळलं नाही. दुसऱ्या वर्षाला हे चित्र मी स्वतःच्या हाताने काढलं होतं, रानाच्या पुनरुज्जीवनाच्या पेपरात. पैकीच्या पैकी गुण पडले होते.

मला जे बघायचं होतं तेच मी पाहिलं. तू खोटं बोललीस, ग्रिस्सर हसला, आणि मी त्यांची बेरीज केली.

वनकार्यालयाला दुसरं निवेदन पाठवलं आहे. पहिलं चुकीचं होतं, कुठे आणि का चुकीचं होतं, ते सगळं लिहिलं आहे. सोबत रानसभेसाठी एक पत्र आहे. मला तिथे बोलता येणार नाही, फक्त घरमालक बोलतात, हे ठाऊक आहे. तू ते वाचून दाखवशील का? माझं नाव वाच. पदवी वाचली नाहीस तरी चालेल.

कापलेला शेंडा परत येत नाही, पण लार्चची बाजूची फांदी वर वळून शेंड्याची जागा घेते. दोनेक वर्षं मागे पडते, मरत नाही. स्प्रूसचं इतकं नक्की सांगता येत नाही. मला तुला खोटा दिलासा द्यायचा नाही.

रोमाना


वाल्टांझ, ३ एप्रिल

रोमी,

रानसभा झाली. चर्चमधल्या मिस्सानंतर खानावळीच्या माडीवर, पंधराच्या पंधरा घरं हजर. कुणाच्या लग्नालाही एवढी येत नाहीत.

तुझं पत्र मी वाचलं. पदवीही वाचली, त्यासाठी तुझ्या बाबाने इतकी वर्षं दूध वाहिलंय. ग्रिस्सर उठला. म्हणाला, "फेब्रुवारीत पोरीला घसरण दिसली, मार्चमध्ये रोपवाटिका. एप्रिलमध्ये काय दिसणार, समुद्र?" सगळे हसले. मीही हसले असते, दुसऱ्या कुणाची भाची असती तर. तेव्हा तुझ्या पत्राचा उपयोग झाला असं समजू नकोस. झाला नाही.

मग म्हातारा अलोइस बोलला. कोपऱ्यात बसतो आणि दहा वर्षांत एकदा तोंड उघडतो तो. म्हणाला, "माझ्या गोठ्यावर गेल्या हिवाळ्यात मनाईच्या रानातल्या किडलेल्या झाडांचे चार शेंडे येऊन पडले. वारा नव्हता. क्रेसेंझने चोरी केलीये का? केलीये. मला सांगा, चोराने काय नेलं?"

खोडं तर सगळी रानातच पडलीत.

निकाल ऐक. रोपं राहतील. फटींना कुंपण घालायचं, खर्च माझा. आणि रोपं हिवाळ्यातल्या बर्फाच्या वर डोकं काढेपर्यंत आमच्या घराला गावच्या रानातून एक काडी मिळणार नाही. सगळी रोपं, असं ग्रिस्सरने मुद्दाम लिहून घेतलं. म्हणजे बारा वर्षं. तुमच्या फळ्यांनी कापलेली धरली तर चौदा. मी एकसष्ट वर्षांची आहे. हिशेब तुला येतो.

अजून एक आहे. वनकार्यालय म्हणतं, मनाईच्या रानात नवी लागवड ठेवायची तर तिची जबाबदारी शिकलेल्या वनतज्ज्ञाच्या सहीने घ्यावी लागते. दर वर्षी पाहणी, दर वर्षी अहवाल, आणि रोपं मेली तर जाब त्याला. गावात असा माणूस नाही. ग्रिस्सर म्हणाला, त्याच्या ओळखीचा एक आहे. त्याच्या ओळखीच्या माणसाच्या हाताखाली ही रोपं किती दिवस जगतील, ते तूच सांग.

कागद सोबत आहे. नाव मोकळं सोडलंय. मुदत पंधरा एप्रिलपर्यंत.

तू सही करशील असं मला वाटत नाही. व्हिएन्नात तुला नोकरी मिळेल, चांगली मिळेल, आणि मग दर मेमध्ये इथे चिखलात कोण येणार? आणि केलीस तर का केलीस, ही शंका मला राहील. माझी दया आली म्हणून करणार असशील तर नको. दयेची सही तिसऱ्या वर्षी पुसट होते.

आत्या


व्हिएन्ना, ८ एप्रिल

प्रिय आत्या,

सही केली आहे. कागद रजिस्टरने वनकार्यालयाला गेला, एक प्रत सोबत आहे. चौदा वर्षं असं मी स्वतः लिहिलं, त्यांनी बाराच लिहिली होती.

का केली, ते मी सांगितलं तरी तुझा विश्वास बसणार नाही आणि मला तो मागायचा हक्क नाही. म्हणून सांगत नाही.

चार मेला सकाळच्या बसने येते. एकटी. बस थांब्यावर येऊ नकोस, मी सरळ रानात जाईन. पन्नास लार्च आणि वीस स्प्रूस आणते आहे, कापलेल्यांच्या जोडीला लावायला. संध्याकाळी वर ये आणि घट्ट बसलंय का, ते एकेक रोप हलवून बघ.

रोमाना